टाच न टेकणारी बाहुली

माय, आज दवाखान्यातून आले ती तशीच पडून राहिले आहे. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं एका पायानं दोन्ही पायांचं ओझं वाहिलं, आता तो थकला. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाहून मी आता मोठी आहे. अशी आडवी पडले की नालवाडीचं घर आठवतं, आणि पडद्याआडची माझी खाट.

तापानं माझा डावा पाय अधू झाला, तेव्हा मी शाळेत नुकती जाऊ लागले होते. हिंडू-फिरू लागले तर त्या पायाची टाच जमिनीला लागेना. चवड्यावरच चालायची. पोरी मागून "लंगडी, लंगडी" करायच्या. तू वर्ध्याच्या शिवणवर्गात बायकांना शिकवून दमून यायचीस. माझं तोंड पाहून काही विचारायची नाहीस.

मग दवाखान्यातल्या परदेशी नर्सबाईंनी तुला एक जुनं मासिक दिलं. त्यात भरतकामासाठी चौकटींवर काढलेली, बाहुलीसारखी एक नाचणारी मुलगी होती. इंग्रजी तुला येत नव्हतं, पण चौकटी मोजता येत होत्या. अजून दिसतं, सुटीच्या दुपारी दाराच्या उजेडात बसून दसुतीच्या कापडावर तू फुलीचे टाके घालतेस. फ्रॉक कापसाचं बोंड फुटल्यासारखा फुललेला. गोऱ्या रंगाचा धागा नव्हता, म्हणून ती मुलगी आपल्यासारखी सावळी झाली. मध्येच सुई ठेवून तू डोळे चोळतेस.

चित्र माझ्या खाटेशी टांगलं, त्याच आठवड्यात तळेगावची आत्या आली. पाहताच म्हणाली, "वहिनी, पोरीचा पाय असा, अन् तिच्यासमोर नाचणारी काऊन टांगून राह्यली? जिवाले लावून घेईन ना ते."

मलाही तेच वाटलं होतं. मी भिंतीकडे पाठ करूनच झोपत होते.

"वन्सं, तिचा पाय पाहा ना," तू म्हणालीस. "टाच कुठं टेकली तिची?"

मी कुशीवर वळले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळी मुलगी एका चवड्यावर उभी होती.

"तिकडच्या पोरी असं उभं राहाले सालोसाल शिकतात," तू मला म्हणालीस. "तुले शिकाचं काम नाई."

मी ते खरं मानलं. शाळेत सांगितलं की हे लंगडणं नाही, हा नाच आहे. पोरी हसल्या. एक म्हणाली, "मंग दाखव." मी हात वर केले, चांगला पाय उचलला, आणि पडले. गुडघा फोडून घरी आले. तू पाण्यानं जखम धूत होतीस.

"पडाच्या आधी उभी राह्यली होती का?"

"जराशीक."

"मंग झालं," म्हणालीस, आणि हळद दाबलीस.

पुढे डॉक्टरांनी ऑपरेशन करून टाचेमागची शीर लांबवायला सांगितलं. आत्या नको म्हणत होती, तू दोन दिवस जेवली नाहीस, मग हो म्हणालीस. प्लास्टर निघालं तेव्हा तू मला काखेत धरून उभं केलंस. टाच फरशीला लागली. थंड लागली. तू खाली बसून तिथं हात लावून पाहिलास, खरंच टेकली का म्हणून, आणि वॉर्डातल्या सगळ्या बायकांना सांगत सुटलीस. त्यानंतर मी बरी चालले, माय. शिकले, नोकरी केली, आणि बसच्या पायऱ्या चढताना कुणाचा हात मागितला नाही. ते चित्र पुढे वाळवीनं खाल्लं. तू नवं करणार होतीस, पण तुझे डोळे राहिले नव्हते.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी वॉर्डात मी रडले, आणि तू "दुखते का वं?" म्हणून पाठीवरून हात फिरवत राहिलीस. मी हो म्हणून मान हलवली. दुखत नव्हतं, माय. आता आपल्याला नाचता येणार नाही, असं वाटलं होतं.