मास्क लावून ट्रम्पेट वाजत नाही

५ ऑक्टोबर, रविवार

मिशेलचं लग्न ठरलं! २३ नोव्हेंबर. सकाळी लॉयड मिठाई घेऊन आला आणि सवयीने खिडकीबाहेरच उभा राहिला. माझ्या मोठ्या भावाची ही दोन मुलं. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. मिशेलच्या बाप्तिस्म्याला मीच तिला धरून उभा होतो, म्हणजे ती माझी धर्मकन्यासुद्धा.

लॉयड म्हणाला, "अंकल, लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याला तुम्हीच वाजवायचं. मिशेल बोलते, अंकल नसतील तर बँडच नको. डीजे लावा."

बँडवाल्यांच्या घरात डीजे! याला म्हणतात धमकी.

मी म्हणालो, बघू. चार वर्षं मी सगळ्यालाच 'बघू' म्हणतोय. माझ्या बायकोची, बर्नडेटची, किडनी माझ्या पोटात बसवली तेव्हापासून. शरीराने ती परकी समजून हाकलू नये म्हणून रोज गोळ्या. त्या गोळ्यांनी शरीराचा पहारेकरीच झोपवून ठेवलाय. मग कुठलाही सटरफटर विषाणू सरळ आत. म्हणून मी घरात. एकोणसाठ वर्षांचा बाप्या, पुतण्याशी गजाआडून बोलतो. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटत असेल, याला जामीन मिळत नाहीये.

८ ऑक्टोबर

ट्रम्पेट काढला. पुसला. आरशासमोर उभा राहून फुंकला.

आतून बर्नडेट — "कोन कुत्र्याला मारतं हाय?"

ओठांची पकड गेली. तीस वर्षं कमावलेली, चार वर्षांत गेली. एके काळी उत्तनपासून गोराईपर्यंत लग्न कुणाचंही असो, 'बेनेडिक्टला सांगितलं का?' हा प्रश्न आधी. (असं मीच सांगतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकल्याचं आठवत नाही.)

दुपारी एक प्रयोग केला. मास्कला मधोमध भोक पाडलं, त्यातून माउथपीस. चांगली पाच मिनिटं वाजवलं. मग लक्षात आलं की भोक पाडलेला मास्क म्हणजे काय! मास्क कचऱ्यात. प्रयोगाबद्दल बर्नडेटला सांगितलेलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मीरा रोडला डॉक्टर क्षितिजांकडे. वयाने माझ्या निम्म्या, पण त्यांच्यासमोर मी शाळेतल्यासारखा हाताची घडी घालून बसतो. लग्नाचं सांगितलं. दोनशे माणसं, बँड, मिठ्या.

त्या म्हणाल्या, "कोविडच्या लसीचे चार डोस घेऊनही तुमच्या रक्तात अँटीबॉडी जवळजवळ नाहीत. लस म्हणजे शिकवणी. तुमचं शरीर वर्गात झोपलेलं, ते शिकणार कसं?" मग एका औषधाबद्दल सांगितलं. तयार अँटीबॉडीच सलाईनमधून शरीरात सोडायच्या. आजार व्हायच्या आधीच.

"म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला पेपर माझ्या नावावर?"

हसल्या. "तसंच. पण तीनेक महिन्यांत शाई उडते. मग परत घ्यावं लागतं."

औषध इथे मिळत नाही. पेशंटच्या नावाने परवानगी काढून बाहेरून मागवायचं. काही जणांना देतानाच जबरदस्त अ‍ॅलर्जी येते, म्हणून दोन तास नजरेखाली बसवतात. आणि विषाणू बदलला तर औषध चालेलच असं नाही.

"मग खात्री कशाची?"

"खात्री नाही मिळणार, बेनेडिक्ट. थोडी जास्त शक्यता मिळेल. आणि घेतलंत तरी मास्क लावायचाच."

"मास्क लावून ट्रम्पेट वाजत नाही, डॉक्टर."

"मग वाजवायच्या वेळी मोकळ्या हवेत आणि लांब उभे राहा. तुम्ही असं करा — घाई करू नका. पण दोन वर्षांपूर्वी तुमचं काय झालं होतं ते मी पाहिलंय."

मीही पाहिलंय. मामीच्या मयताला दहा मिनिटं गेलो होतो. बावीस दिवस हॉस्पिटलात. ऑक्सिजन. किडनी जाता जाता राहिली. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ राहिले नाहीत. त्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

किमतीचा आकडा इथे लिहीत नाही. पान फाटेल.

१४ ऑक्टोबर

कागदावर मधोमध रेघ मारली. एकीकडे 'घ्यावं', दुसरीकडे 'घेऊ नये'. 'घेऊ नये' तासाभरात भरलं. अ‍ॅलर्जी, पैसे, तीनच महिने, खात्री नाही, नवीन औषध, सुईची भीती. (हो. बावीस दिवस हॉस्पिटलात काढलेल्या माणसाला सुईची भीती. आहे ती आहे.)

'घ्यावं'खाली एकच शब्द — मिशेल.

मग खरं काय ते त्याच्याखाली लिहिलं — टाळ्या.

१६ ऑक्टोबर

पूनम सागर सोसायटीतल्या हरिश्चंद्ररावांना फोन. त्यांची-माझी ओळख डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावरची. त्यांचीही किडनी बदललेली, त्यांना मुलाने दिली. त्यांनाही या औषधाचं विचारलं होतं. ते नाही म्हणाले.

"मला कुठे जायचंय हो? सकाळी गच्चीत चालतो, मास्क लावून भाजी आणतो. माझं झकास चाललंय. तीन महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?"

पटलं. फोन ठेवल्यावर अर्धा तास मीही झकास होतो. मग लांबून कुठून तरी ढोलाचा आवाज आला आणि पाय हलायला लागला. नालायक पाय.

१९ ऑक्टोबर, रविवार

भांडण. मी नुसतं म्हणालो, नकोच ते औषध, लॉयडला सांगतो डीजे लावा. बर्नडेट बोंबील साफ करत होती. सुरी खाली ठेवली.

"किडनी कोनाची हाय?"

"तुझी."

"मंग मला इचारलं? डॉक्टरला इचारलं, त्या हरिश्चंद्राला इचारलं. कागदावर रेघा मारल्या. मला न्हाय इचारलं."

मी म्हणालो, तुझी किडनी जपायची म्हणूनच तर घरात बसलोय.

"चार वरसं तुला फ्रीजमधल्या पापलेटासारखा ठेवलाय मी. पापलेटसुदा कवातरी बाहेर काढतात!"

बोंबील चांगले झाले होते. उपमेबद्दल विचार करतोय. पापलेट म्हणाली, बांगडा नाही. एवढा मान अजून आहे.

२५ ऑक्टोबर

डॉक्टरांना फोनवर 'हो' सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी दोनदा विचारलं. कागदावर सही करायला गेलो तेव्हा बर्नडेटने प्रत्येक पान वाचलं. मी फक्त सहीची जागा शोधत होतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

झालं!

तासभर सलाईन, दोन तास पहारा. सिस्टर म्हणाल्या, खाज, धाप, चक्कर, काही वाटलं तर लगेच सांगा. मला लगेच वाटलं. पहिल्या दहा मिनिटांत मानेला खाज. सिस्टर धावल्या, डॉक्टर धावल्या, सलाईन थांबवलं, प्रेशर बघितलं. मग बर्नडेटने माझी कॉलर उलटी केली. नव्या शर्टाचं लेबल! टोचत होतं.

सिस्टरनी कात्रीने ते कापलं. सलाईन परत सुरू. त्यानंतर खरंच नाक खाजत होतं, पण सांगायची हिंमत झाली नाही.

शेवटचा थेंब गेला तेव्हा काहीच वाटलं नाही. मला वाटलं होतं, छातीत काहीतरी होईल. भूक लागली फक्त.

९ नोव्हेंबर

पहिली प्रॅक्टिस. होड्या ओढून ठेवतात तिथे, किनाऱ्यावर. चार वर्षांनी माणसांमध्ये. बाकीचे चार-चार हात लांब उभे. मला वाटलं आदराने. लॉयडने आधीच बजावलं होतं म्हणे.

पहिला ट्रम्पेट स्टेफनीकडे आहे. दिवसा बँकेत असते, संध्याकाळी वाजवते. पंधरा वर्षांपूर्वी मीच तिला शिकवलं. तिचा सूर ऐकला. मस्त वाजवते! माझ्यापेक्षा मस्त. आजच्या माझ्यापेक्षा नव्हे, तेव्हाच्या.

लॉयड जवळ येऊन हळू म्हणाला, "अंकल, तुम्ही सेकंड धरा. चालेल ना?"

"चालेल की!" इतक्या जोरात म्हणालो की कावळे उडाले.

१२ नोव्हेंबर

ओठ सुजलाय. पेज पितोय. बर्नडेट म्हणते, आता खरा पापलेट दिसतोस.

१७ नोव्हेंबर

आज पूर्ण तासभर वाजवलं. सेकंड वाजवण्यात वेगळीच मजा आहे. कुणी बघत नाही, आणि आपण थांबलो तर पहिला उघडा पडतो. हे तीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही. माझ्याबरोबर सेकंड वाजवणाऱ्या माणसांना मी कधी 'छान' म्हणालो का? आठवत नाही. म्हणजे नाहीच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उंबराचं पाणी.

चारला निघालो. पुढे बँड, मागे नऊवारी नेसलेल्या बाया, डोक्यावर कळशा. विहिरीवरून नवरीच्या अंघोळीचं पाणी आणायचं. मी बँडच्या कडेला, वाऱ्याच्या बाजूला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. वाजवत नसलो की मास्क वर, वाजवायचं की खाली. वर, खाली. शेवटी शेवटी मास्क कपाळावर आणि टोपी हातात अशी गत.

विहिरीपाशी बर्नडेटने पाणी ओढलं. मिशेल हिरव्या चुड्यात, दमलेली, हसत होती. शेवटचं गाणं माझ्या भावाचं आवडतं. स्टेफनीने सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला ट्रम्पेट खाली घेतला. माझ्याकडे बघून मान हलवली.

मी पुढे आलो. काय करणार!

वरचा सूर फुटला. चांगला मोठ्याने फुटला. कोंबड्यासारखा. पण थांबलो नाही, परत धरला, आणि या वेळी लागला. लागला! बाया ओरडल्या, कुणीतरी टोपी उडवली, आणि मिशेल कळशी तिथेच ठेवून धावत आली आणि गळ्यात पडली. चार वर्षांत बर्नडेट सोडून मला मिठी मारणारी पहिली व्यक्ती. हात कुठे ठेवायचे तेच आठवेना. ट्रम्पेट तिच्या पाठीत टोचत होता.

"पप्पांसारखं रडू नका हां," ती म्हणाली. मी म्हणालो, घाम आहे.

२३ नोव्हेंबर

लग्न. चर्चमध्ये मास्क लावून मागच्या दाराशी उभा राहिलो. जेवणं बाहेर मांडवात. पाहुण्यांना औषधाची गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी सलाईनची बाटली थोडी मोठी होत गेली. भीती? नाव नाही! अंगात तयार अँटीबॉडी खेळत असताना माणसाने घाबरायचं कशाला?

३० नोव्हेंबर

आठ दिवस झाले. ताप नाही, खोकला नाही. मी अजिंक्य.

४ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरांकडे तपासणी. मी ऐटीत म्हणालो, तुमचं औषध भारी निघालं! त्या म्हणाल्या, "सध्या जो नवा प्रकार फिरतोय त्याच्यावर ते फारसं चालत नाही, असं दिसतंय. सतरा तारखेला मी फोन केला होता, तुम्ही प्रॅक्टिसला होता. मॅडम म्हणाल्या, मी सांगते त्यांना."

रिक्षात बर्नडेटला विचारलं. ती बाहेर बघत होती. म्हणाली, लॉयडला सांगून बँडच्या आणि घरच्या सगळ्यांच्या टेस्ट करून घेतल्या, लग्न होईपर्यंत रोज सकाळी. जेवणं हॉलमध्ये होती, ती बाहेर काढायला लावली. बाकीचं देवावर टाकलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गेला नसता."

खरंच गेलो नसतो.