पदराबाहेरचा गळा

आई, माझ्या लग्नात फोटोला उभं राहताना मीच तुला म्हणाले होते, "पदर वर घे की, गळा लोंबायलाय तुझा." तू पदर हनुवटीपर्यंत ओढलास आणि त्यानंतर तू जाईपर्यंत एकाही फोटोत तो खाली आला नाही. तुझा गळा दिसेल असा फोटो आज घरात नाही, ही माझी करणी. आणि यंदा औंढ्याच्या शाळेतून निवृत्त होताना फोटोचं नाव निघालं की माझाच हात पदराकडे जायला लागला. आजवरच्या मुख्याध्यापकांच्या फोटोंच्या रांगेत माझा फोटो कायमचा लागणार होता, आणि आरशातला गळा हुबेहूब तुझा!

आधी मूर्खपणा केला. कुणीतरी सांगितलं म्हणून भर दुपारी हनुवटीखालून ओढणी घेऊन डोक्यावर गच्च गाठ मारली. धाकटी जाऊ दारातूनच ओरडली, "अवो ताई, काहून असं बांधलं? मेल्या माणसाची हनुवटी बांधतेत तसं! सोडा आधी!" मग मुकाट्यानं हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, कातडी पहिल्यासारखी होणार नाही; पण तोंडाला लावता ते क्रीम गळ्यापर्यंत न्या, उन्हात गळा झाका, मान खाली घालून मोबाईल बघणं कमी करा, आणि रोज थोडा मानेचा व्यायाम करा, जरा फरक पडेल. झालं, वरण शिजेपर्यंत मी ओट्यापाशी हनुवटी वर करून उभी राहायला लागले. हे म्हणाले, "छताकडं काय बघून राहिली? जाळं लागलं का?" मी म्हटलं, "लागलं असंल तर झाडू घ्या." तीन महिने एक दिवस चुकवला नाही. गळा थोडा आवळला, खरंच आवळला, पण मान त्याहून जास्त वर राहायला लागली.

फोटोच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडलेली आहे, सगळे शिक्षक बघताहेत. माझा हात पदराकडे निघतो. मी तो खाली घेते, मांडीवर दाबून धरते आणि हनुवटी उचलते. फोटो निघतो. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, गळ्याच्या वळ्या कम्प्युटरवर साफ करून देतो, बराबर दिसंल." मी म्हणाले, "खबरदार! तीन महिने राबले मी या गळ्यावर." सगळा व्हरांडा हसला, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.

फोटो आता कार्यालयात लागला आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक कबूल करून टाकते. तो भिंतीवर चढवताना शिपाईबाईंनी विचारलं, "मॅडम, तुमी कोणावर गेल्या वो?" आजवर असं कुणी विचारलं की मी वडिलांचं नाव सांगायचे. या वेळी म्हणाले, "आईवर."