आठ ओळींत नसलेलं दार

१२ डिसें. ९३, रवि.
ठण्ण. शाळेच्या लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. मागून पोरांचा गलका आणि गलक्यावरून तरंगत येणारा एकच आवाज, कविता म्हणणारा. लक्ष्मण साळव्याचा. चाळीस वर्षं झाली असतील. आज डोळे मिटून बसलो तर आधी हेच ऐकू आलं. जरा हसलोही असेन.
बापू खेकसला, "मास्तर, तुमी श्वास बघायलाव का शाळा भरवायलाव?"
बापू म्हणजे गावाकडचा शेजारी, रिटायर तलाठी. कुठंतरी दहा दिवस मौनात बसून आला आणि आता गंगाखेडभर गुरू होऊन हिंडतो. डॉक्टरनं बी.पी.साठी मला त्याच्याच ताब्यात दिलं. "मागचं सोडा, पुढचं सोडा. आत्ताचा श्वास तेवढा बघा."
माझ्याजवळ मागच्याशिवाय आहे काय? आत्ता म्हणजे अळणी भाजी.

१५ डिसें.
वीस मिनिटं. बघता बघता श्वास गणात पडतो. यमाता यमाता यमाता यमाता. भुजंगप्रयात! जन्मभर फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा केल्या त्याचं फळ. बापूला सांगितलं तर हसून लोळला. म्हणे वृत्त सोडा. सातवीत दोनदा नापास झालेला माणूस मला सांगतो.
सूनबाई नेमका तेव्हाच मिक्सर लावते. ओरडलो.

१९ डिसें.
आज रूळ नाही. कडी वाजली. गावच्या घराची.
७८ साल. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडं भडकलेलं, आमच्या गावातही दलित वस्ती पेटवली. दिवेलागणीला साळवे दारात. तेव्हा तो माझ्याच शाळेत मास्तर. संगं बायको, तिचा हात धरून आठ-नऊ वर्षांची लेक. "गुरुजी, मी लक्ष्मण." ओरडून नव्हे. लहानपणी वर्गात "आत येऊ का" विचारायचा, त्याच आवाजात. माझा हात अडसरावर. बापू बाजूला उभा. "मास्तर, आत्ता नको."
हात काढून घेतला. माझा मीच. कडी आणखी चारदा वाजली. मग नाही.
हे आजवर कुणाला सांगितलं नाही. लिहिलंही आज पहिल्यांदाच.

२० डिसें.
बापूला विचारलं, तो दिवस आठवतो का? डोळेही उघडले नाहीत. "आलं मनात तर बघायचं, सोडून द्यायचं. जुनं उकरून काय मिळायलंय?"
त्याची सतरंजी उचलून रस्त्यावर फेकली. म्हटलं, घर साळव्याचं जळालं, सोडून देणारा तू कोण रे? येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. असल्या बसण्याला आग लागो.

२१ डिसें.
तरी बसलो. एकटाच. का ते…

२९ डिसें.
जुना एक विद्यार्थी एस्टी स्टँडवर भेटला. साळवे परभणीला असतो, लेक मास्तरीण झाली. पत्ता मिळाला. गद्यात तीन कार्डं फाडली. शब्द समोर येतच नाहीत, हरामखोर. शेवटी भुजंगप्रयात धरलं आणि धडाधड आठ ओळी उतरल्या.
  तुझा पाठ कानी अजूनी घुमे रे
  जुन्या त्या दिसांची मनी ओढ लागे
एक लघु इकडचा तिकडं नाही. फार वर्षांनी असं बरं वाटलं. लगेच पेटीत टाकलं.

८ जाने. ९४
उत्तर नाही. पोस्टमनवर तोंड सोडलं. तो म्हणतो, "गुरुजी, मी पत्रं आणतो. लिहीत न्हाई."

१४ जाने., संक्रांत
विद्यापीठाच्या नावाचं अखेर झालं. रेडिओवर सांगितलं. चिरंजीवांनी खट्‌कन बटण फिरवलं. "मिटला एकदाचा विषय, अण्णा."
कुणाचा मिटला? समोर भाजलेल्या तिळाचं ताट होतं, हातानं उडवलं. सूनबाई खाली बसून वेचायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही बसलो. एकेक तीळ. फरशीच्या फटीतला, पाटाखालचा. ती म्हणाली, "मामा, राहू द्या, झाडून घेते." नाही राहू दिलं.
ताट भरल्यावर लक्षात आलं, एवढा वेळ श्वास चालू होता आणि यमाता नव्हता. रूळ नाही, कडी नाही. नुसते तीळ.
बापूला हे सांगणार नाही.

१७ जाने., सोम.
सकाळी बसलो होतो. कडी वाजली. नेहमीचीच, आठवणीतली, म्हणून हललो नाही. परत वाजली. खरी!
उठताना गुडघा आपटला. वाटलं बापू असेल, नाक घासायला आलेला. किंवा साळवे.
साळव्याची बायको. एकटी. जन्मात हिच्याशी एक शब्द बोललेलो नाही.
"आधी पाणी द्या गुरुजी. एस्टीत लय धुरळा."
बैठकीत बसवलं. पाणी मीच आणलं. तांब्या खाली ठेवून तिनं पिशवीतून कार्ड काढलं.
"ह्यांनी हातात धरलं. गुरुजींचं अक्षर हाय म्हणले आन ठेवून दिलं. वाचलं न्हाई. लेकीनं वाचलं. गाणं चांगलं हाय म्हणली."
मी कार्ड हातात घेतलं.
"मला वाचता येत न्हाई. पर तिच्याकडून तीनदा ऐकलं. त्यात ते दार कुठं हाय, तेवढं बोट ठिवून दाखवा."
आठ ओळी. वरून खाली, खालून वर. नाही.
"न्हाई ना? मग तोंडानं सांगा. बसलेय मी. साडेअकराची गाडी हाय, घरी जाऊन ह्यांना काय सांगायचं ते ठरवायचंय."
चष्मा आणतो म्हणून आत आलो. वही उघडीच होती. छातीत धडधडतंय, कुठल्याच गणात बसत नाही. बाहेर तांब्या वाजला, सूनबाई चहाचं विचारतेय.
चष्मा डोळ्यांवरच आहे.