ताईच्या छतावरचा डाग

४ मार्च
खालच्या मजल्यावरून ताईचा निरोप : छताला ओल आली आहे, प्लंबर बोलाव. वर आमचंच बाथरूम. जाऊन पाहिलं. डाग बशीएवढा. एवढ्यासाठी प्लंबर? कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. पहिला धडाच हा : आज जे सावकाश चाललंय, ते पूर्वीही तसंच आणि त्याच चालीने चालत होतं. ओढा दगड कणाकणाने झिजवतो. दरी एका दिवसात होत नाही. डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून आलो. ताईला वाटलं दुरुस्ती सुरू झाली. तिने चहा टाकला. तो पिताना जरा ओशाळल्यासारखं झालं.

११ मार्च
डाग रेघेबाहेर जेमतेम बोटभर. या गतीने ताईच्या पलंगाच्या वर पोचेपर्यंत मी रिटायर होऊन म्हातारा झालेला असेन. बायको म्हणते, शास्त्र पुरे, फोन करा. करणारच आहे. पेपर तपासून झाले की लगेच.

२० मार्च, रात्री
सकाळी ताई पलंग सरकवायला बोलावत होती. एकटीला जमत नाही म्हणे. लेक्चर आहे म्हणून सांगितलं. (लेक्चर दुपारी होतं. पण तयारी नको?) दिवसभर मन खात राहिलं. हिचंच बोट धरून मी शाळेत गेलो.

२६ मार्च
डाग तसूभरही वाढलेला नाही! सिद्धान्त जिंकला. मधला भाग थोडा फुगलाय, पण मी फक्त कडा मोजतो. ताईला समजावलं, निसर्ग उड्या मारत नाही. ती म्हणाली, बरं बाबा, तू शिकलेला. प्लंबर कॅन्सल. म्हणजे बोलावला नव्हताच, विचार कॅन्सल.

२९ मार्च
छताचा गिलावा पडला. धाडकन, सगळा एकदम. ताई पलंगावर होती. हाताचं हाड मोडलं.
धावत खाली जाताना डोक्यात पहिला विचार आला, की हा अपवाद धरता येईल. लिहितानाही लाज वाटते.

२९ मार्च, हॉस्पिटलातून आल्यावर
डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी घसा खाकरला. त्याआधीच ताई म्हणाली, स्टुलावरून पडले, माझंच लक्ष नव्हतं. लहानपणी मी बरणी फोडली की आईला अशीच सांगायची, माझ्या हातून पडली. तोच आवाज. इतक्या वर्षांत काडीचा फरक नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
डॉक्टर मला म्हणाले, असा धावून येणारा भाऊ नशिबाने मिळतो. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं आणि थँक्यू म्हणालो.