चौथ्या कप्प्यातली कोंबडी

पोयेनी,
३ नोव्हेंबर २००८

चि. तिबेरियू यास,
मोठ्या बहिणीचे आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. आईचे गुडघे थंडी सुरू झाल्यापासून कुरकुरतात. कोबी पिंपात घालून झाला, आलुबुखाराची त्सुइका गाळून झाली, यंदा दारू जरा कडक उतरली आहे. तू आणि तुझी बायको सुखरूप असाल. झाली विचारपूस. आता मुद्द्याचं बोलते.

परवा कत्तलखान्याचे ओलारियूसाहेब आले होते. एरवी हा माणूस दारातूनच "लेओन्तिनाबाई, ग्लास काढा!" म्हणून ओरडत येतो. परवा टोपीसुद्धा काढली नाही. हातात तुझा अहवाल होता. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "तुमच्या भावानेच लिहिलंय बाई. आता मी काय करू?"

मी वाचलं. 'पोयेनी येथील चिंब्रू ही सुगंधी वनस्पती खाद्यात मिसळल्याने ब्रॉयलर पक्ष्यांच्या वजनात, आरोग्यात वा मांसाच्या प्रतीत लक्षणीय फरक आढळला नाही. शिफारस करता येत नाही.' आणि खाली तुझी सही. बाबांचं आडनाव लावून केलेली, झोकदार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, लक्षणीय म्हणजे काय रे? कुणाचं लक्ष? तुझं लक्ष होतं कुठे?

चिंब्रूवर वाढलेल्या कोंबड्या ओलारियूसाहेब पुढची पाच वर्षं आपल्याकडूनच घेणार होते. 'औषधाविना, डोंगरी चिंब्रूवर वाढवलेली' असं पाकिटावर छापणार होते. ते आता बंद. ते कुठल्याशा आम्लाच्या भुकटीवर वाढवलेल्या कोंबड्या दुसऱ्या गावातून घेणार. म्हणजे आपली शेड रिकामी. आणि शेड रिकामी तर टेकाडावरचं बाबांचं चिंब्रू कोणासाठी ठेवायचं? वसंतात तिथे नांगर फिरवून मका लावायचा. हे तुझ्या एका ओळीने झालं.

तुला आठवतं का, हे सुरू कसं झालं? आपला देश युरोपच्या संघात गेला आणि खाद्यातली ती अँटिबायोटिकची पुडी बंद झाली. लोक टाळ्या वाजवत होते आणि इकडे घरोघरी कोंबड्यांना हगवण. शेडमध्ये पाय ठेवला की भुसा चिखलासारखा पचपच वाजायचा. तेव्हा बाबांनाच आठवलं, की त्यांची आई पिल्लांच्या पाण्यात चिंब्रू उकळून घालायची. तू हसला होतास. "बाबा, ओव्यासारखा वास येतो म्हणून काही ते औषध होत नाही." यावर त्यांनी तुला काय सांगितलं होतं? "मग तूच तपास. खरं निघालं तर खरं म्हण, खोटं निघालं तर खोटं. माझं कोण ऐकतंय? तुझं ऐकतील."

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तुझ्या तपासणीसाठी स्वतःच्या हाताने बारा कप्पे ठोकले. प्रत्येकात वीस पिल्लं. एक ते सहा साधं खाद्य, सात ते बारा चिंब्रूचं. फळ्यांवर आकडे रंगवले, आणि सातचा आकडा उलटा आला म्हणून परत खरवडून काढला. तुझ्या तक्त्यात हे नसणारच.

पहिले तीन आठवडे तुलाही मान्य आहेत ना? सातपासून पुढचा भुसा कोरडा खडखडीत. एक ते सहामध्ये नाक धरून जावं लागे. एकविसाव्या दिवशी वजनं केली तर चिंब्रूवाले डोळ्यांना दिसतील इतके पुढे. तू फोनवर म्हणालास, "बाबा, तुमची आई जिंकली." त्या दिवशी बाबा जेवले नाहीत, नुसते हसत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाडावर चिंब्रू कापताना गेले. विळा हातातच होता.

ते तीन दिवस कसे गेले ते आता लिहीत नाही. तू नव्हतास. तुझ्याकडे परदेशचे पाहुणे आले होते. चाळीस दिवसांच्या विधीलाही नव्हतास. मधे पिल्लांच्या बेचाळिसाव्या दिवशी मात्र गाडी घेऊन वेळेवर हजर! पांढरा डगला, बुटांवर निळ्या पिशव्या. आई फाटकात कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेल्या सारमाल्यांची ताटली घेऊन उभी होती आणि तू लांबूनच म्हणालास, "आई, घरात येत नाही, कोंबड्यांना जंतू लागतील." प्रत्येक कप्प्यातल्या चार कोंबड्या उचलल्यास आणि गेलास. ते सारमाले शेवटी मी कुत्र्याला घातले.

तीन आठवड्यांनंतर दोन्ही बाजू सारख्या कशा झाल्या, ते मला विचारू नकोस. शास्त्रज्ञ तू आहेस.

आई अहवालाबद्दल एक शब्द बोललेली नाही. हल्ली ती माझ्याशीही फार बोलत नाही.

उत्तर द्यायचं तर हाताने लिहून दे. तुझ्या संशोधन संस्थेच्या छापील कागदावर आलं तर चुलीत घालीन.

लेओन्तिना

•

पोयेनी,
१२ नोव्हेंबर २००८

प्रिय तिबी,

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलंस, उपकार झाले. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे. आईला मी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी ती मधेच उठून शेडकडे गेली.

तू लिहितोस, "ताई, मी आकडे बदलू शकत नाही. तीन आठवड्यांनंतर साध्या कप्प्यांतली हगवण आपोआप थांबली आणि त्यांनी वजन भरून काढलं." आपोआप! मेल्या, आपोआप काय थांबतं? तू सहा महिन्यांचा असताना तुझी तरी थांबली होती का आपोआप? आजीने चमच्या-चमच्याने काढा पाजला होता.

आणि खाली लिहितोस, "एकच गोष्ट कळत नाही. साध्या कोंबड्यांचं मांससुद्धा आठ दिवस थंड कपाटात राहून खवट झालं नाही. असं मी आजवर पाहिलेलं नाही. तुझ्याकडून पिशव्यांची अदलाबदल तर झाली नाही ना? वीस तारखेला परिषदेत मला हे सगळ्यांसमोर वाचायचं आहे."

नाही झाली अदलाबदल. तेवढी अक्कल मला आहे. पण हा प्रश्न तुला नोव्हेंबरात सुचला? जुलैमध्ये त्या मांसाला नाक का नाही लावलंस? साधी म्हणून नेलेली कोंबडी उकळताना चिंब्रूचा वास सुटला असता. आईच्या हातची ताटली घेऊन दोन मिनिटं ओसरीवर टेकला असतास, तर आईनेच तुला सांगितलं असतं. तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे.

ऐक आता. एकदाच लिहीन.

बाबांना घरात ठेवलं होतं ते तीन दिवस मी चुलीपुढून हलले नाही. सगळं गाव जेवायला यायचं होतं. कोंबड्यांचं आई बघत होती. चौथ्या दिवशी मी शेडमध्ये गेले तर वास वेगळा. सगळीकडे एकच वास. एकपासून बारापर्यंत. चिंब्रूचा डबा तळाला गेलेला. मी आईला विचारलं, "आई, हे काय केलंस?" ती म्हणाली, "घरात मयत आहे आणि एकाला चांगलंचुंगलं, दुसऱ्याला साधं, असं वाढायचं? माझा हात नाही झाला. त्याच्या नावाने जेवणाऱ्या सगळ्यांना एकाच भांड्यातलं मिळालं पाहिजे."

आपल्याकडे मयताच्या जेवणाला भिकाऱ्यालाही पाद्रीबाबांच्याच पातेल्यातलं वाढतात. तिने तेच केलं. कोंबड्यांनाही पंगतीत बसवलं.

मी तुला सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. बापाला मातीत ठेवून एक दिवस झालेला. मला वाटलं, आधी विचारेल आई कशी आहे, माती कोणी लोटली, खूप लोक आले होते का. तू काय म्हणालास? "ताई, अठ्ठाविसाव्या दिवसाचं वजन चुकवू नकोस हं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय ना?"

मी म्हटलं, "ठरल्याप्रमाणे चाललंय."

आईने केलं ते तीन दिवस. पुढचे अठरा दिवस मी केलं, तिबी. माळ्यावर बाबांनी वाळवलेलं चिंब्रू ढीगभर होतं. रोज सकाळी बाराही कप्प्यांना एकाच पिंपातलं घालायचे आणि मग तुझा कागद पुढे घेऊन लिहायचे, 'एक ते सहा साधं, सात ते बारा चिंब्रू', खाली सही. अठरा सह्या. हात थरथरला असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण नाही थरथरला. मला बरं वाटत होतं. तुझा तक्ता नासावा, चार शहाण्या माणसांपुढे तुझं नाक कापलं जावं, एवढंच डोक्यात होतं. आई म्हणालीही, "आता बास कर, तीन दिवसांचं होतं ते." मी तिच्यावर खेकसले.

त्यात बाबांचंच चिंब्रू खोटं ठरेल, हे मला सुचलं नाही. खरंच नाही सुचलं. मला वाटलं, काहीतरी विचित्र निघेल, तू गोंधळशील, फोन करशील, आणि मग मी तुला फाडून खाईन. तू गोंधळला नाहीसच. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या आणि तू 'फरक नाही' लिहून मोकळा झालास.

मी गेल्या पत्रात तुला एवढं बोलले त्यातला एक शब्द मागे घेत नाही. तू यायला हवं होतंस. पण टेकाडावर नांगर फिरवायची वेळ तू आणली नाहीस, मी आणली. ओलारियूसाहेबांपुढे मी "माझा भाऊच वैरी निघाला" म्हणून डोळ्यांना पदर लावला, तेव्हा आई दारात उभी होती. ती माझ्याशी का बोलत नाही, ते आता तुला कळलं असेल.

तर वीस तारखेला तो अहवाल वाचू नकोस. हे पत्र वाच. माझं नाव घाल, गावाचं नाव घाल, पंगतीचंही सांग. हसतील तर हसू देत. तू आकडे बदलले नाहीस हे त्यांना कळू दे, ते बदलणारी मी आहे. ओलारियूसाहेबांकडे मी काल जाऊन आले. सगळं सांगितलं. ते इतके संतापले की टोपी जमिनीवर आपटली. मग म्हणाले, "पुन्हा करा. तुमच्या भावाने स्वतः उभं राहून केलं तरच मानीन. मेपर्यंत थांबतो, त्यापुढे एक दिवस नाही."

कप्पे मी घासून, चुना लावून ठेवलेत. तेवीस डिसेंबरला बाबांना सहा महिने होतात, तेव्हा ये. पिल्लं जानेवारीत मागवू. बेचाळीस दिवस खाद्य तू तुझ्या हाताने घालायचं, मी शेडच्या दाराला हात लावणार नाही. संस्थेला काय सांगायचं ते तुझं तू बघ. आईला मी समजावलं, की या वेळी सहा कप्प्यांना साधंच घालायचं आहे. ती म्हणाली, "घरात कोणी गेलं नाही तर चालेल."

आणि एक राहिलं. तुझ्या तक्त्यात चौथ्या कप्प्यापुढे, चोविसाव्या दिवशी, 'मृत: १' असं आहे. ते माझ्याच अक्षरात आहे आणि तेही खोटं आहे. बाबांच्या खड्ड्यावरून दान द्यायला घरात कोंबडी नव्हती, अंगणातल्या सगळ्या आईने जेवणासाठी कापल्या होत्या. म्हणून मी आईकडून चौथ्यातली एक मागवून घेतली. खड्ड्यावरून जिवंत कोंबडी मुलाने द्यायची असते. पाद्रीबाबा थांबले, रस्त्याकडे बघत राहिले, सगळेच बघत राहिले. मग म्हणाले, "चल लेओन्तिना, तू दे." या बाजूने मी दिली, त्या बाजूने वेतामावशीने दान म्हणून घेतली.

मावशीने ती कापली नाही. चालताना डुलते, पाय जाड झालेत, पण अजून आहे. मी परवा बघायला गेले तर म्हणाली, "ही तुमच्या तिबीच्या हातून यायची होती. तो येईपर्यंत सांभाळते." दोनशे चाळीस कोंबड्यांपैकी आता तेवढीच एक जिवंत आहे, आणि तुझ्या कागदावर ती मेलेली आहे. बाकीचं नंतर बघू. ती नोंद आधी खोड.

तुझ्यावर आणि स्वतःवरही चिडलेली,
ताई