टँकरच्या ऑइलातलं पाणी

चाचा, गेल्या आठवड्यात मी एक इंजिन वाचवलं. पंक्चर नाही, ग्रीसिंग नाही, ट्रॅक्टरचा क्लच नाही. सहा सिलेंडरचं अख्खं इंजिन, आणि तेही बीडच्या एका मोठ्या गॅरेजनं भंगारात काढा म्हणून सांगितलेलं. ते तुमच्याच गॅरेजमध्ये लिंबाखाली खोललं आणि तिथंच पुन्हा सुरू केलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही बातमी आधी कुणाला सांगावी असा विचार केला तर तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचेना. म्हणून आज शटर अर्धं खाली ओढून लिहायला बसले आहे. हाताचं काळं अजून नखांत आहे, तेव्हा कागदाला डाग पडले तर तुम्ही तरी काही म्हणणार नाही.

मला तुमच्याकडं आणलं तो दिवस आठवतो. बीडच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून मी नांदूरघाटला परत आले होते आणि वडील मला घेऊन गॅरेजं पालथी घालत होते. कुणी हसत होतं. कुणी म्हणालं, पोरीला बिलं लिहायला बसवतो, पान्याला नको. सगळ्यात शेवटी तुमच्याकडं आलो. तुम्ही एका ट्रकखाली आडवे झालेले, बाहेर नुसते पाय. वडील त्या पायांनाच सगळं सांगत राहिले. तुम्ही खालूनच म्हणालात, "चौदाचा पाना दे." मी दिला. "सतराचा दे." दिला. थोड्या वेळानं बाहेर आलात, चिंधीला हात पुसलेत आणि वडिलांना म्हणालात, "पोरगी काय बोलली न्हाई, पाना मात्र बरुबर दिला. उद्यापास्नं पाठवा." घरी जाताना वडील रस्ताभर एकटेच हसत होते.

न बोलण्याचा तो गुण माझ्यात फार दिवस टिकला नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. काळा धूर ओकणारा एक ट्रक आला होता. तुम्ही बॉनेटवर वाकून कान लावलेला आणि मी शेजारी उभी राहून ड्रायव्हरला सांगत सुटले होते, डिझेल फवारणारे नोझल गेले असतील, पंप गेला असेल, टायमिंग हललं असेल. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "इंजिन बोलायलंय, तू बी बोलायलीस. दोघातलं कुणीतरी एक गप बसा." सगळं गॅरेज हसलं. मी रागानं डबासुद्धा उघडला नाही. तेव्हा चाचीनं मला ओढतच मागच्या स्वयंपाकघरात नेलं, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मी पहिला घास घेतला आणि तुम्ही येऊन ताटाशेजारी त्या ट्रकचं एअर फिल्टर ठेवलंत. धुळीनं गच्च भरलेलं. "एवढंच होतं," म्हणालात, आणि स्वतःच्या भाकरीकडं वळलात. चाची तुमच्यावर ओरडत होती, "खाने की जगा पे ये गंदगी कायकू आणली?" आणि मी हसू दाबत होते.

तुम्ही गेल्यावर चाचीनं शटरची किल्ली माझ्या हातात ठेवली. "मै क्या करूं इसको लेको? तूच चालव." मी चालवू लागले. पण गिऱ्हाइकाचं मन चाचीसारखं नव्हतं. ग्रीसिंगला माझ्याकडं यायचे, ब्रेक लायनर बदलायला यायचे, आणि इंजिनचं काम निघालं की बीडचा रस्ता धरायचे. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. "ताई, लई मोठं काम हाय, तुमाला कशाला तरास," असं म्हणायचे. आयुष्यभर असंच चालेल असं मी मनाशी धरून टाकलं होतं.

मग तो टँकर आला. आला म्हणजे, ट्रॅक्टरनं ओढत आणला. मालक स्वतःच चालवतो. आपल्या पलीकडच्या डोंगरावर जी वस्ती आहे ना, तिथं उन्हाळाभर पाणी पोचवायचं काम त्याच्याकडं. तिथली विहीर यंदा लवकरच कोरडी पडली. टँकर बंद पडल्यापासून ट्रॅक्टरच्या लहान टाकीनं कसंबसं पाणी जात होतं, निम्म्या घरांना पुरत नव्हतं. मालकानं ऑइल मापायची डिपस्टिक ओढून माझ्यासमोर धरली. ऑइल नव्हतंच ते चाचा, दूध जास्त झालेला चहा होता. आणि पातळी खुणेच्या कितीतरी वर.

"बीडला इंजिनाचं वरचं हेड खोललं, हेडचं पॅकिंग नवं टाकलं," तो सांगत होता. "दोन खेपा केल्या की परत हेच. परत नेलं तर म्हणले, ब्लॉकच फुटलाय, भंगारात घाला. म्हणलं घालायच्या आधी एकदा ताईला दाखवावं. चाचाचं गॅरेज हाय."

बघा, माझं नव्हे, तुमचं गॅरेज म्हणून आला होता. तरी मी आत घेतलं. मी खोललं आणि सापडलं नाही, तर इंजिन कुणी मारलं या प्रश्नाला उत्तर म्हणून गावाला माझंच नाव मिळणार होतं.

पान्याला हात लावला नाही. तोंड बंद ठेवून आधी रेडिएटर बघितला. पाण्यावर ऑइलचा तवंग नव्हता. ऑइल कूलर फुटला असता तर चालत्या इंजिनात ऑइल पाण्यात शिरलं असतं. चालताना रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा मागं पांढरा धूर दिसला का, तर मालक नाही म्हणाला. म्हणजे हेडकडून येत असेल असंही वाटेना. मालकाला विचारलं, रेडिएटरमध्ये कूलंट कोणतं टाकता?

तो हसला. "कूलंट कशाला ताई? पाठीवर टाकीभर पाणी हाय की. बोअरचं. लागलं की त्यातलंच वततो."

वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी, लोखंड खाणारं. माझी शंका लायनरकडं वळली. सिलेंडरचं ते नळकांडं, आतून पिस्टन घासतो आणि बाहेरून पाणी खेळतं. खाली ऑइलच्या चेंबरचा बोल्ट जरा ढिला केला तर आधी निव्वळ पाणी गळालं, त्यामागून तो चहा. ते सगळं घमेल्यात उतरवून घेतलं, चेंबर काढलं. रेडिएटरच्या झाकणात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून तुम्ही एक झाकण बनवलं होतं, त्यातून पंपानं हवा भरली, म्हणजे पाण्यावर दाब येतो आणि जिथं वाट असेल तिथून ते बाहेर पडतं. पोतं अंथरून खाली आडवी झाले. लायनरांचे खालचे काठ फडक्यानं कोरडे पुसले आणि वर बघत राहिले.

काहीच नाही. पंपावरचा दाबाचा काटा मात्र हळूहळू उतरत होता. पाणी कुठंतरी जात होतं, आणि मला एक थेंब दिसत नव्हता. दुपार कलायला लागली. मान आखडली. मालकाचे बूट माझ्या डोक्याशी येरझाऱ्या घालत होते. त्याचा फोन चाललेला मला ऐकू येत होता: "न्हाई, इथं बी काय सापडंना. दुसरं इंजिन मिळतंय का बघून ठिव." मला उठून बसावं, हात पुसावेत आणि न्या बाबा तुमचा टँकर म्हणावं असं वाटलं. खरंच वाटलं.

उठायच्या आधी एकदा नीट बघून घ्यावं म्हणून हातातली बॅटरी फिरवली. सहा पिस्टन. काही वर गेलेले, काही खाली आलेले. खाली आलेला पिस्टन लायनरच्या भिंतीला बाटलीच्या बुचासारखा बसलेला. आणि मला एकदम कळलं. भोक पिस्टनच्या वरच्या बाजूला राहिलं असेल, तर पाणी पिस्टनच्या डोक्यावर साठत असेल, खाली दिसणारच कसं? पिस्टन वर जाऊ दे, मग भोक उघडं पडेल.

मी खालूनच ओरडले, "फोन ठेवा! नोझल खोलते, मग क्रँकला पाना लावून हातानं फिरवा. हळू. अगदी हळू."

"इंजिन फिरवून काय व्हनार?"

"फिरवा तर."

साठलेल्या पाण्याला वाट मिळावी म्हणून मी वरचे सगळे नोझल काढले, परत खाली आडवी झाले, आणि तो जोर लावून फिरवू लागला. पिस्टन एकेक करून हलले. आणि वरून तो किंचाळला, "ताई! हितून पाणी उडालं! चौथ्यातनं!" मी बॅटरी चौथ्याकडं वळवली. पिस्टन वर चढत गेला, त्याच्यामागची भिंत उघडी पडली, आणि त्या चकचकीत भिंतीवर टाचणीच्या डोक्याएवढा एक मणी तयार झाला. फुगला. ओघळला. माझ्या गालावर पडला. पाणी वरून, हेडमधून येत असतं तर पिस्टनच्या खाली हा थेंब आलाच नसता. ब्लॉक फुटलेला नव्हता. चौथ्या लायनरला भोक होतं, बस्स.

चाचा, मी टँकरखाली पडल्या पडल्या हसत होते. मालकही खाली सरकून बघायला लागला, त्याच्याही नाकावर थेंब पडला, आणि त्यानं तो पुसलासुद्धा नाही. "सापडलं बे!" तो ओरडला. मग आपण बाईला बे म्हणालो हे लक्षात येऊन इतका ओशाळला की काय सांगू.

लायनर ओढून काढला तेव्हा त्याची बाहेरची बाजू वाळवीनं खाल्लेल्या लाकडासारखी झालेली. उन्हाकडं धरून आतून डोळा लावला तर उजेडाचा एक ठिपका. मी तो मालकाला दाखवला, चाचीला दाखवला, समोरच्या टायरवाल्याला बोलावून दाखवला. बाकीचे लायनरही त्याच वाटेवर होते, म्हणून सगळेच बदलायचं ठरवलं. मालक एसटीनं बीडला जाऊन नवे लायनर, रिंगा, बेअरिंग घेऊन आला. त्या चहासारख्या ऑइलनं जुन्या बेअरिंगांचे पृष्ठभाग खराब केले होते. ते तसेच ठेवले असते तर महिन्याभरात क्रँक जाम झाला असता. ब्लॉकमधली बैठक घासून आरशासारखी केली, ऑइलचे रस्ते धुतले, लायनर बसवून त्यांची उंची एकेक मापली. मग चेंबर लावायच्या आधी परत दाब भरला आणि क्रँक फिरवत सगळ्या भिंती बघितल्या. पंपाचा काटा जागचा हलला नाही. रेडिएटरमध्ये कूलंट मी स्वतःच्या हातानं ओतलं आणि मालकाला सांगितलं, परत बोअरचं पाणी टाकलंत तर मी ओळखणार नाही तुम्हाला.

स्टार्टर मारला. दोनदा नुसतं कुरकुरलं. तिसऱ्यांदा पकडलं, आणि लिंबावरच्या चिमण्या सगळ्या एकदम उडाल्या. मी काहीच बोलले नाही चाचा. बॉनेटला कान लावून उभी राहिले. ते किती सुरेख बोलत होतं!

भरलेला टँकर घेऊन मालक निघाला तेव्हा मीही केबिनमध्ये चढले. चढावर इंजिन कसं ओढतं ते मला बघायचं होतं. घाट त्यानं एका दमात काढला. वस्तीवर आवाज आधीच पोचला होता. हंडे, कळश्या, प्लॅस्टिकचे ड्रम घेऊन बाया रस्त्यापर्यंत आल्या होत्या. मी खाली उतरून पहिल्यांदा डिपस्टिक ओढली. ऑइल मधासारखं, स्वच्छ. पातळी खुणेवर. मी ती काठी उंच धरून उभी, आणि एक म्हातारी मला विचारतेय, "काय गं, ते काय हाय?"

मालकच म्हणाला, "आजी, टँकर ह्या ताईनं नीट केला. बीडवाल्यांनी भंगार म्हणून सोडलेला."

म्हातारीनं माझे काळे हात उलटेपालटे करून बघितले. मग रांगेतल्या सगळ्यांना मागं सारलं, पाइप माझ्या हातात दिला आणि आपला हंडा पुढं केला. "पयला तूच भर." मी भरला. पाणी हंड्याच्या गळ्यापर्यंत आलं, वरून सांडलं, माझी चप्पल भिजली, आणि बाया हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, "एवढं शिकवलं कुणी गं तुला?"

मी म्हणाले, "आमच्या चाचांनी."

ते वाक्य माझ्याआधी नांदूरघाटला पोचलं. चाची आता भाजीवाल्यापासून शेजारणींपर्यंत सगळ्यांना सांगते की दाब भरून क्रँक फिरवायचा तो डाव तिच्या नवऱ्याचा, त्यांनी मरायच्या आधी या पोरीला देऊन ठेवला होता. सांगताना तिचा चेहरा असा होतो की बघत राहावं. आणि दारात आज दोन ट्रक उभे आहेत, दोन्ही इंजिनच्या कामाचे.

हे लिहून झालं की चाचीला वाचून दाखवायचं, असं मी सुरुवातीला ठरवलं होतं. आता नाही दाखवणार. तुम्ही वाचलंत तेवढं पुरे. तुमच्याशी मात्र मी खोटं बोलू शकत नाही. झाकण तुमचं, दाब भरायची रीत तुमची, गप बसणंही तुमचंच. पण क्रँक फिरवून लपलेलं भोक उघडं पाडायचं, हे तुम्ही मला कधीच दाखवलं नव्हतं चाचा. ते मला सुचलं. माझं मला.