टिकली आणि हिरवा दिवा

डिचोली, मंगळवार, तिन्हीसांजेला

थोरल्याने दिलेला छोटा लॅपटॉप हलका आहे, बॅटरीही टिकते. पण कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा आपोआप पेटतो. काल लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर असताना मी ह्यांना म्हटलं, "मुळगावचं घर माझ्या नावावर आहे. विकायच्या कागदावर सही करणार नाही." सकाळी थोरल्याचा फोन: "आई, सहीचं बाबांशी कशाला, माझ्याशी बोल मगे!" ह्यांनी तर त्याला काही सांगितलेलं नाही.

माझ्या शाळेत, कॉन्व्हेंटात, दाराआडून ऐकणाऱ्यांना सिस्टर छडी द्यायच्या. थोरल्याला लहानपणी त्याच खोडीवर मी लाडू दिले.

पुन्हा दिवा पेटला. मी कपाळावरची टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली. लगेच फोन वाजला.

"आई गो, बाबा जिवंत असताना टिकली कशाला काढलीस?"

दिवा अजून हिरवाच आहे.